पोत्याखालचं मशीन

जावयाचं पत्र आलं, तेव्हापासून आबा त्या पत्राला तोंड चुकवत होते. आधी त्यांनी ते उशीखाली ठेवलं. उशीखाली ते टोचायला लागलं म्हणून पेंडीच्या खोलीतल्या फळीवर ठेवलं. फळीवर बायकोचा हात जायचा, म्हणून शेवटी एका जाडजूड जुन्या पुस्तकात घालून पुस्तक ट्रंकेच्या तळाशी लोटलं. दर वेळी जागा बदलताना वाटायचं, आता बसून दोन ओळी लिहून टाकू. आणि दर वेळी नेमकी गाईंना पाणी दाखवायची वेळ झालेली असायची.

खरं तर लिहिणं आबांना जड नव्हतं. गावात कुणाला विजेच्या खांबाबद्दल अर्ज करायचा असो, नाहीतर रुसलेल्या भावाला घरी बोलवायचं असो, माणसं आबांच्या ओट्यावर येऊन टेकायची. आबा चारचौघांत मुखदुर्बळ, पण कागदावर त्यांची गाडी सरळ चालायची. आपल्या मनात जे नीट मांडता येत नव्हतं ते आबांनी बरोबर उतरवलं, असं म्हणत माणसं कागद घडी करून खिशात घालायची.

जावयानं पत्रात फार काही विचारलं नव्हतं. रागाचा एक शब्द नव्हता. ‘मामा, त्या संध्याकाळी मशीनचा आवाज वेगळा येत होता का? काही आठवलं तर कळवा. चूक कुठं झाली ते कळल्याशिवाय दुसरं करायला हात धजत नाही.’ एवढंच. फोन कानाला लावला की आबांना ‘हं’ आणि ‘बरं’ यापलीकडे काही सुचत नाही, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्यानं कागद घेतला असणार.

आणि आठवायचं म्हणाल, तर आबा काही विसरलेच नव्हते.

त्या वर्षी उन्हानं लवकरच डोकं वर काढलं. विहिरीचं पाणी इतकं खाली गेलं, की पोहरा वर येईपर्यंत दोर ओढणाऱ्याच्या तळहाताला फोड यायचे, आणि वर येणारं पाणीही कोमट असायचं. पूर्वी संध्याकाळची धार काढली की आबा दुधाचे कॅन विहिरीच्या थंडगार हौदात गळ्यापर्यंत बुडवून ठेवत. दुधाची गाडी फक्त सकाळी यायची. तोवर दूध हौदात सुखानं झोपायचं. आता हौदाचं पाणीच तापलेलं, तर दूध कशावर टिकणार?

गाडीवाला मोठा सरळ माणूस. तो कॅनचं झाकण उघडायचा, नाक जवळ न्यायचा आणि आबांकडे न पाहता म्हणायचा, “सकाळचं घेतो. संध्याकाळचं राहू द्या.”

राहू द्या म्हणजे परत न्या. रांगेत गावातले सगळे दूध घालणारे उभे. त्यांच्यामधून भरलेला कॅन उचलून माघारी निघायचं, म्हणजे आबांना पायाखालची वाट लांबत गेल्यासारखी वाटायची. भरलेल्या कॅनचा आवाज होत नाही. रिकामा खणखणत जातो, भरलेला गुपचूप जातो, आणि सगळ्यांना कळतं.

गल्लीच्या पार शेवटी बंगलेवाल्याचा मोठा गोठा होता. त्यानं नुकतीच दूध थंड ठेवायची स्टीलची टाकी आणली होती. नवी कोरी, कंपनीचा शिक्का असलेली. तो आबांना म्हणायचा, “आबा, माझ्या टाकीत ठेवा की. जागा आहे.”

“नको. गाईंना घालतो.”

“दूध गाईंना घालता? मग काढता कशाला?”

रांग हसायची. आबाही हसायचे. घरी आल्यावर मात्र ते कॅन गोठ्यात आदळायचे आणि बायको म्हणायची, “त्याला कशाला मारताय? त्यानं काय केलंय?”

मुलीला हे सगळं बायकोनं फोनवर सांगितलं असणार. कारण एका दुपारी दारात टेम्पो थांबला आणि त्यातून मुलगी उतरली, तिच्यामागून जावई, आणि मग जावयानं दोरीनं बांधलेलं एक धूड टेम्पोवाल्याच्या मदतीनं खाली घेतलं. खिडकीत बसवायचा जुना एसी. पुढची जाळी पिवळी पडलेली, एक कोपरा चेपलेला, पाठीवर कबुतरांची शिट. त्याच्यासोबत बंद पडलेल्या डीप फ्रीजची नुसती पेटी.

जावई तालुक्याला फ्रिज-एसी दुरुस्त करायचा. दुकान म्हणजे एक शटर, आत मावतील तेवढी सामानं, बाकीची फुटपाथवर. मुलीनं हे लग्न स्वतः ठरवलं होतं. आबांनी विरोध केला नव्हता. फक्त गावात कुणी विचारलं, की ते सांगायचे, “जावई कंपनीत आहे.” कुठल्या कंपनीत, ते कुणी विचारलं नाही, आणि आबांनी सांगितलं नाही. आता त्या कंपनीतला जावई कबुतराची शिट खरवडत दारात बसला होता आणि गल्ली बघत होती.

“हे काय?” आबांनी हळू आवाजात मुलीला विचारलं.

“नाक मुरडू नका हं आबा. एका ऑफिसातून काढलाय. चालू आहे.”

“गाईंना एसी लावणार आहात का?”

“गाईंना नाही मामा,” जावई म्हणाला. “दुधाला. हवा गार करतो तसा पाणी गार करेल. कॅन पाण्यात ठेवायचे.”

बायको पाणी घेऊन आली आणि म्हणाली, “जावईबापू, आधी हात धुवा. आमच्याकडं पाणी आहे, कोमट का असेना.”

पुढचे दोन दिवस ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. पाने, पकडी, स्क्रू, पत्र्याचे तुकडे. जावयानं बाहेरचा पत्रा काढला तेव्हा आबांना वाटलं, कुणाची तरी अंगावरची वस्त्रं उतरवल्यासारखं हे दिसतंय. आत पुढं एक जाळी, मागं एक जाळी, मधे काळा गोल कॉम्प्रेसर आणि या सगळ्यांना बांधून ठेवणाऱ्या तांब्याच्या नळ्या.

“पुढची जाळी गार होते, मागची तापते,” जावई म्हणाला. “पुढची आपल्याला पेटीतल्या पाण्यात उतरवायची आहे. नळ्या न तोडता. तोडल्या तर गॅस जाईल. मामा, जरा धराल का?”

आबांनी दोन्ही हातांनी जाळी धरली. तिचे पातळ पत्रे तळहाताला सुरीसारखे लागत होते. जावयानं नळीखाली अंगठे घातले आणि तो ती इतक्या सावकाश वाकवू लागला, की ती वाकतेय हे दिसतही नव्हतं. थोडं वाकवायचा, थांबायचा, फुंकर घालायचा, पुन्हा वाकवायचा.

“नळीला चिमटा बसला की संपलं,” तो म्हणाला. “घाई केली तर रुसते.”

“अडलेल्या गाईसारखं आहे,” आबांच्या तोंडून निघून गेलं. “ओढून चालत नाही.”

जावयानं वर पाहिलं आणि हसला. आबांना त्याचं हसणं त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसलं. पुढचा एक दात किंचित आडवा होता. दोघांच्याही कपाळावरचा घाम एकाच जाळीवर पडत होता. नंतर आबांना जे आठवायचं, त्यात हे सगळ्यात जास्त आठवायचं.

जाळी पेटीत उतरली. पेटीत पाणी भरलं, एका बाजूला पाणी हलतं ठेवायला छोटा पंप बसवला. मागच्या जाळीचा खालचा भाग जावयानं पत्र्याच्या एका उभट डब्यात बुडवला आणि त्यातही पाणी भरलं. वरचा भाग पंख्यासमोर उघडा ठेवला.

“हे कशाला?” बायकोनं विचारलं.

“तुम्हाला मामी. कॅन धुवायला गरम पाणी. फुकटचं. पुढून जी उष्णता काढली ती कुठंतरी टाकायलाच हवी ना, मग तुमच्या डब्यात का नको?”

“बघा,” बायको आबांना म्हणाली, “आमच्या चुलीचा कुणीतरी विचार केला.”

मशीन कुठं ठेवायचं यावर मात्र थोडं अडलं. आबांना ते गोठ्याच्या आत, भिंतीआड हवं होतं. जावई ओलं बोट हवेत धरून गोठाभर फिरला आणि गल्लीकडच्या छपराखाली थांबला.

“इथं. पाठ गल्लीकडं. वारा इकडूनच येतो.”

“तिथं सगळ्या गावाला दिसेल.”

“दिसू दे की. मामा, हिचं एकच मागणं आहे. मागून वारा. बाकी काही विचारणार नाही. पण मागं काही अडवलंत, तर हिचा जीव गुदमरेल.”

आबा ‘बरं’ म्हणाले.

बटण दाबल्यावर मशीन आधी थरथरलं, मग सुतासारखं सरळ चालू लागलं. संध्याकाळी बायकोनं पेटीत हात घातला आणि झटक्यात बाहेर काढला. मग तोच ओला हात तिनं आबांच्या मानेवर ठेवला. इतक्या वर्षांत तिनं असं जावयासमोर कधी केलं नव्हतं. आबा अंग चोरून बाजूला सरले.

दुसऱ्या दिवशी गाडीवाल्यानं झाकण उघडलं, नाक नेलं आणि मग कॅनला तळहात लावला. “अरे वा,” तो म्हणाला, “हे कुठून आणलं आबा, डोंगरावरून?” संध्याकाळचं दूध गाडीत चढलं. त्यानंतर रोज चढत गेलं.

शेजारी एका गाईची मावशी राहायची. नवरा गेलेला, गाय एकच, म्हणून हे नाव. तिचं लहानसं भांडं संध्याकाळी आबांच्या पेटीत येऊन बसायला लागलं. ती ते अगदी कोपऱ्यात ठेवायची, कुणाच्या अंगाला अंग लागू नये अशा बेतानं, आणि जाताना मशीनच्या पत्र्याला हात लावून जायची. “जावई गुणाचा हो तुमचा,” ती म्हणायची. आबा ‘हं’ करायचे.

पण गल्लीला काय, एक विषय मिळाला होता. मशीनची पाठ, तिच्यावरचा गंज, डब्यातून निघणारी वाफ, नळ्यांना गुंडाळलेल्या चिंध्या, सगळं येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायचं.

“आबा, गाईंना गारठा तर नाही ना बाधत?”

“आबा, तुमच्या मशीननं गावाकडं पाठ का केलीय? रुसलंय का?”

आणि बंगलेवाला, मशीनकडं मान वाकडी करून पाहत, अगदी प्रेमानं म्हणाला, “जावयाच्या कंपनीचं दिसतंय. शिक्का कुठं दिसत नाही, पण तेच असणार.”

आबांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मशीन चालतंय, दूध टिकतंय, गाडीवाला खूश आहे, हे सगळं त्यांना माहीत होतं. पण रस्त्यावरून कुणी जाऊ लागलं, की ते उगाचच मशीनपुढं जाऊन उभे राहायचे, अंगाआड ते झाकलं जाईल अशा तऱ्हेनं, आणि हातात काहीतरी काम असल्याचं दाखवायचे.

मग बंगलेवाल्याकडं पाहुणे येणार, असं कळलं. दूध घेणाऱ्या कंपनीचे मोठे साहेब त्याची टाकी बघायला येणार होते, सोबत आसपासच्या गावांतले बडे दूधवाले. बंगल्यावर जायचा रस्ता एकच, आबांच्या छपरासमोरून.

“साहेबांना तुमचंही मशीन दाखवतो,” बंगलेवाला म्हणाला. “बघू दे त्यांना, गावात काय काय चाललंय.”

तो थट्टेनं म्हणाला की खरंच, आबांना कळलं नाही. त्यांना फक्त एवढंच दिसलं, की पॉलिश केलेल्या बुटांची माणसं छपरासमोर थांबलीत आणि कुणीतरी विचारतंय, हे कुणी केलं?

त्या संध्याकाळी बायको मुलीशी फोनवर बोलत आत बसली होती. आबांनी धार काढली, कॅन पेटीत ठेवले, मावशीचं भांडं कोपऱ्यात ठेवलं. मग पेंडीच्या खोलीतून दोन रिकामी पोती आणली आणि मशीनच्या पाठीवर टाकली. तरी बाजूनं नळ्या दिसत होत्या. म्हणून बायकोचं मेणकापड आणून वरून गुंडाळलं आणि सुतळीनं बांधलं. आता ते चाऱ्याच्या गंजीसारखं दिसत होतं. आबा दोन पावलं मागं सरून बघत राहिले. बरं वाटलं त्यांना. पाहुणे जाईपर्यंतच, ते मनाशी म्हणाले.

मोटारी आल्या, गेल्या. कुणी थांबलं नाही. एकानंही छपराकडं मान वळवली नाही.

आबा अंगणात आडवे झाले. मशीन मधेच बंद झालं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा बंद झालं. पाणी पुरेसं गार झालं की ते आपोआप थांबतं, हे जावयानं सांगितलं होतं. आबांना वाटलं, आज लवकर गार झालं. त्या शांततेत त्यांना चांगली झोप लागली.

पहाटे उठल्यावर आधी वास आला. जळक्या तेलाचा. आबांनी सुतळी सोडली. मेणकापड मऊ होऊन जाळीला चिकटलं होतं, ते सोलून काढावं लागलं. पेटीत हात घातला. पाणी हौदाच्या पाण्यासारखं होतं.

पोती त्यांनी पेंडीच्या खोलीत मागं कोंबली. मेणकापड घडी करून पोत्यांखाली घातलं. मग बायकोला हाक मारली, “अगं, मशीन बंद पडलंय.”

सकाळी रांगेत गाडीवाल्यानं झाकण उघडलं आणि नाक न्यायच्या आधीच मागं सरला. सगळा कॅन नासला होता. दुसराही. मावशीचं भांडं तिनं स्वतःच उघडलं होतं. ती झाकण हातात धरून उभी होती, परत बसवावं की नाही हे न कळल्यासारखी.

“काय झालं आबा? एवढं गार दूध येत होतं तुमचं.”

“कंपनीनं दगा दिला वाटतं,” बंगलेवाला म्हणाला.

त्या वेळी आबा नेहमीसारखे हसले असते तरी चाललं असतं. गप्प राहिले असते तरी चाललं असतं, त्यांचा तर तो स्वभावच. पण त्या दिवशी नेमकी त्यांना वाचा फुटली.

“कंपनी कसली,” ते म्हणाले. “भंगार उचलून आणलं आणि जोडलं. मी आधीपासून सांगत होतो, हे असलं टिकत नाही. दुरुस्तीवाला तो, त्याला काय कळतंय यातलं.”

जावयाबद्दल सासरा असं बोलतो, हे ऐकून लोकांनी खाली पाहिलं. मावशीनं झाकण बसवलं आणि ती निघून गेली.

दुपारी जावई आला. एकटाच, बसनं, खांद्याला हत्यारांची पिशवी. त्यानं पत्रा काढला, कॉम्प्रेसरला नाक लावलं, तारा तपासल्या, पंखा हातानं फिरवून पाहिला. मग पायांवर बसूनच तो मशीनकडं बघत राहिला.

“जळलाय,” तो म्हणाला. “पण जळायला नको होता. मामा, मागं काही अडलं होतं का? वारा अडला तरच असं होतं.”

आबा वैरण तोडत होते. त्यांनी कोयता थांबवला नाही.

“काय अडणार? उघड्यावरच तर होतं.”

“हो,” जावई म्हणाला. “तेही खरंच.” त्यानं लगेच मान हलवली. सासऱ्याच्या शब्दावर त्यानं पुन्हा प्रश्न केला नाही. “मग माझ्याच जोडणीत कुठंतरी चूक आहे.”

तो उठून कुंपणाशी गेला. मावशी तिच्या अंगणात गाईचं शेण काढत होती. “मावशी,” तो म्हणाला, “तुमचं दूध माझ्यामुळं गेलं. चुकलं माझं.” मावशी काय म्हणाली ते आबांना ऐकू आलं नाही. कोयता एकसारखा चालू होता, आणि गाईपुढं चार दिवसांची वैरण तुटून पडली होती.

जावयानं एक टेम्पो बोलावला, मशीन त्यात घातलं आणि नेलं. जेवायलाही थांबला नाही. छपराखाली चौकोनी कोरडी जागा तेवढी राहिली.

त्यानंतर ते पत्र आलं.

बायकोनं घर आवरायला काढलं तेव्हा पेंडीच्या खोलीतून पोती बाहेर आली. आबा धार काढून परतले, तर अंगणातल्या दोरीवर मेणकापड वाळत घातलेलं. त्याच्यावर वरपासून खालपर्यंत बारीक बारीक रेघा उमटल्या होत्या, ओल्या केसांतून कंगवा ओढल्यासारख्या. जाळीचा ठसा. आबांनी ते बघितलं आणि न बघितल्यासारखं करून आत गेले.

“मेणकापड मिळालं,” बायको म्हणाली. “मी शोधत होते.”

“हं.”

“मी काही विचारलं का?”

“नाही.”

“नाहीच विचारणार. विचारणाऱ्यानं विचारलंय, पत्र टाकून.”

तिनं ते मेणकापड पुन्हा कामाला घेतलं. ओल्या सरपणावर टाकायची, भिजलेल्या धान्यावर टाकायची, काम झालं की दोरीवर टाकायची. आबा जिथं जातील तिथं त्या रेघा समोर यायच्या. आणि दूध पुन्हा हौदाच्या कोमट पाण्यात होतं, कॅन पुन्हा गुपचूप माघारी येत होते.

एका संध्याकाळी मावशी कुंपणाशी आली. “आबा, जावयाला म्हणावं दुसरं मशीन करा. एक रात्र बिघडलं म्हणून काय झालं? माझ्या गाईनं काय कधी लाथ मारली नाही? मी काढली का विकून?”

“सांगतो,” आबा म्हणाले.

“त्यानं उगाच माझी माफी मागितली हो. आपल्यापेक्षा मोठ्या माणसाला कुणी चूक दाखवायची नसते, पण आपल्यापेक्षा लहानानं अशी मान खाली घातली की बघवत नाही.” ती निघता निघता वळली. “त्या संध्याकाळी भांडं देऊन मी परत निघाले, तेव्हा तुम्ही पोती आणत होतात. मला वाटलं, उन्हाची तिरीप लागते म्हणून झाकत असाल. तसंच ना?”

आबांनी तिच्याकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काही डाव नव्हता. ती खरंच विचारत होती.

“तसंच,” आबा म्हणाले, आणि तिला पाठ करून गोठ्यात गेले. तिथं ते गाईच्या पोटाला कपाळ टेकून बसले. धार कधीच काढून झाली होती.

मग गाडीवाल्यानं सांगितलं. सहज, दूध मोजता मोजता. “जावई दिसले तुमचे काल बाजारात. फडकं पसरून हत्यारं मांडून बसले होते. चांगली हत्यारं आहेत हो. म्हटलं, का विकता? तर म्हणाले, हे काम आपलं नव्हे. गोदामात पहाऱ्याची नोकरी धरणार आहेत म्हणे.”

“विकली का?”

“मी होतो तोवर तरी नव्हती.”

घरी येताना आबांच्या हातातला कॅन मांडीवर आपटत होता. बायको चुलीपुढं होती.

“मुलीला फोन लाव,” ते म्हणाले. “तिला म्हणावं, हत्यारं विकू देऊ नको. पत्र येतंय म्हणावं.”

“तुम्हीच बोला की.”

“मला फोनवर जमणार नाही. एवढं सांग. पत्र येतंय.”

बायकोनं त्यांच्याकडं नीट पाहिलं. मग पदराला हात पुसून फोन घेतला, आणि आबांच्या देखतच, शब्द न बदलता, तेवढंच सांगितलं.

आता सुटका नव्हती. आबा ओट्यावर कागद घेऊन बसले. पहिल्या कागदावर लिहिलं, की त्या दिवशी उकाडा फार होता, हवा पडली होती. वाचलं आणि फाडलं. दुसऱ्यावर लिहिलं, की मशीनच्या मागच्या बाजूस काही अडथळा निर्माण झाला असण्याची शक्यता नाकारता येत नाही. हे तर थेट विजेच्या खांबाच्या अर्जासारखं उतरलं होतं. अडथळा निर्माण झाला. जणू तो आपल्या पायांनी चालत आला. तेही फाडलं. दुसऱ्यांच्या मनातलं लिहिताना जी वाक्यं झरझर यायची, ती आपल्या मनाच्या दाराशी येऊन बुजत होती. आबांना वाटलं, आजवर लोकांची पत्रं आपण चांगली लिहिली, की नुसती सोयीची लिहिली?

दोरीवरचं मेणकापड वाऱ्यानं हलत होतं. शेवटी आबांनी तिसरा कागद घेतला.

‘जावईबापूंस,

मशीनचा आवाज वेगळा नव्हता. मशीनच्या पाठीवर दोन पोती आणि मेणकापड होतं. ते मी टाकलं होतं. बंगल्यावर पाहुणे येणार होते आणि मला त्या मशीनची लाज वाटली. तुम्ही विचारलंत, तेव्हा मी उघड्यावरच होतं म्हणालो. ते खोटं होतं. त्याआधी सकाळी रांगेत मी तुमच्याबद्दल जे बोललो तेही तुमच्या कानावर आलं असेल. तुमच्या जोडणीत चूक नव्हती. नळी वाकवताना जाळी मी हातानं धरली होती, मला माहीत आहे. दुसरं मशीन करा. पाठ गल्लीकडंच ठेवू.’

खाली काय लिहावं हे कळेना. ‘आशीर्वाद’ लिहायला हात झाला नाही. नुसतं ‘आबा’ लिहिलं.

टपालाची पेटी दूध घालायच्या जागेच्या भिंतीवरच होती. सकाळी रांग लागलेली. संध्याकाळचं दूध परतच येणार, म्हणून आबांनी तो कॅन आधीच घरी ठेवला होता. एका हातात सकाळचं दूध, दुसऱ्या हातात पाकीट.

“काय आबा, जावयाला पत्र?” बंगलेवाला म्हणाला. “बरं झालं. कान उपटा त्याचे. आमच्या मावशीचं दूध घालवलं त्यानं.”

मावशी रांगेच्या शेवटाला होती.

“पोती मी टाकली होती,” आबा म्हणाले.

ते इतक्या हळू म्हणाले, की फक्त गाडीवाल्याला ऐकू गेलं असावं. तो हातातलं माप तसंच धरून म्हणाला, “काय म्हणालात?”

एकदा बोलणं त्यांना जमलं होतं. तेच पुन्हा, मोठ्यानं बोलायचं, याची आबांनी कल्पना केली नव्हती. त्यांनी भिंतीला हात टेकला.

“मशीनवर,” ते म्हणाले. “पोती. मी टाकली. लोक बघतील म्हणून. ते गुदमरून जळलं. त्याची काही चूक नव्हती. त्यानं मला बजावून सांगितलं होतं.”

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं आबांना वाटलं. बंगलेवाल्यानं टाचेनं माती उकरली. मागून कुणीतरी खाकरलं. मावशी आपल्या भांड्याच्या कडीकडं बघत होती. मग ती एवढंच म्हणाली, “मग त्या लेकराला कशाला माझ्यापुढं मान खाली घालायला लावली, आबा?”



गाडीवाल्यानं दूध ओतून घेतलं आणि रिकामा कॅन त्यांच्या पायाशी ठेवला. आबा पेटीपाशी गेले. तोंडाची पट्टी गंजून घट्ट झाली होती. ती अंगठ्यानं वर धरून त्यांनी पाकीट आत सरकवलं आणि सोडलं. पेटीत दुसरं टपाल नव्हतं. पाकीट तळाला आपटल्याचा आवाज त्यांना स्पष्ट ऐकू आला.

मग त्यांनी कॅन उचलला आणि रांगेच्या कडेकडेनं घराकडं निघाले. रिकामा कॅन पावलागणिक खणखणत होता. आबांनी तो हातानं दाबून धरला नाही.